पितळेवर खोडाखोड

मला फॉक्सप्रो येतं. ‘येत होतं’ असं घरचे म्हणतात, पण प्रमाणपत्रावर काळाचा उल्लेख नाही. 1996 साली भंडाऱ्यात तीन महिने सायकलनं जाऊन मिळवलेलं ते डेटाबेसचं प्रमाणपत्र बैठकीत आमच्या लग्नाच्या फोटोशेजारी टांगलेलं आहे. फ्रेम त्याचीच जास्त चांगली आहे.

यंदा मे महिन्यात नात्यात सात लग्नं निघाली आणि आहेराच्या चारही वह्या ट्रंकेतून बाहेर आल्या. दर लग्नाला निघताना तेच. पाकीट हातात, गाडी दारात, आणि मी वही उलटीपालटी करतोय: यांनी आपल्याला 51 दिले की 101? जेवताना मी जाहीर केलं, “या वह्यांचा डेटाबेस करतो.” ही म्हणाली, “अवो, वही तं आहे नं घरी!” देश मागे का राहिला ते मला त्या क्षणी समजलं.

पुण्यातल्या भाच्याला फोन लावला. माझी मागणी साधी होती. यादी दिसावी, चुकलेल्या नावावर बोट ठेवावं, दुरुस्त करावं, संपलं. “मामा, आधी सर्व्हर टाकावा लागेल,” तो म्हणाला. मग युजर, मग पासवर्ड, मग टेबलं; एका टेबलात माणसं, दुसऱ्यात लग्नं, तिसऱ्यात त्यांचा संबंध. माणसांचा संबंध वेगळ्या टेबलात ठेवायचा असतो ही कल्पना 1970 साली एडगर कॉड नावाच्या गृहस्थांनी मांडली म्हणे. आमच्या नात्यात ती त्याआधीपासून आहे. काही पाहुण्यांना आम्ही वेगळ्या टेबलावरच बसवतो. “पण मला फक्त नोंद टाकायची अन् बदलायची आहे रे!” “तेच तर अवघड असतं, मामा.”

म्हणून एक्सेल. दोन रात्री बसून 212 नोंदी टाकल्या. तिसऱ्या रात्री नावं अकारविल्हे लावावी म्हणून फक्त नावांचा रकाना निवडला आणि सॉर्ट दाबलं. शेजारचे रकानेही सोबत घेऊ का, असं त्यानं नीट विचारलं होतं. पण प्रमाणपत्रधारक माणूस असले प्रश्न वाचत नाही. नावं हलली, रकमा जागच्या जागी राहिल्या. एका क्षणात आमच्या नात्यातली आर्थिक विषमता नाहीशी झाली. जन्मभर 11 रुपयांच्या वर न गेलेल्या मावसभावानं हजार एक दिले होते, आणि ज्यांनी शिलाई मशीन दिली होती त्यांच्यापुढे ‘टॉवेल 1’. त्या यादीप्रमाणे मी दोन लग्नांना जाऊनही आलो. मावसभाऊ अजून भेटला की खाली वाकतो.

दुसरी अडचण अक्षरांची. आमच्या झाडीबोलीत ळ नाही, ण नाही. वह्यांत वडील शाळेतलं शुद्धलेखन आठवलं तर ‘तुळसाबाई’ लिहीत, घाईत असले तर ‘तुरसाबाई’. कॉम्प्युटरच्या मते या दोन बाया, आणि दोघींनाही आपण देणं लागतो. शिवाय 1 मे 1999 ला गोंदिया वेगळा झाला आणि तिरोडा, आमगावचे सगळे पाहुणे घरातून न हलता दुसऱ्या जिल्ह्यात गेले. जिल्ह्याचा रकाना मी शेवटी उडवला.

आता थोडं भांड्यांबद्दल. थोडं म्हणतोय, पण भंडाऱ्याच्या माणसाला पितळेबद्दल थोडं बोलता येत नाही. गावाचं नावच भांड्यांवरून पडलं असं आम्ही पाहुण्यांना छातीठोक सांगतो. गॅझेटियर मात्र सांगतं की रतनपूरच्या सन 1100च्या शिलालेखात ‘भाणारा’ आहे, त्याचं पुढे भंडारा झालं. कोणी केलं, कधी केलं, नोंद नाही. तेव्हा विनापरवाना दुरुस्ती या गावाच्या नावातच आहे. तर भांडी. गुंड, गंज, गडवा, कोपर, काहीही दिलं तरी त्यावर नाव घातलेलं हवं. दुकानदार छिन्नी टेकवून टिकटिक हातोडी मारायचा आणि ठिपक्याठिपक्यांनी अक्षर उमटायचं: चि. सौ. कां. अमुक हिस तमुककडून सप्रेम, तारीख. देणारा, घेणारा, निमित्त, दिवस, चारही रकाने. सर्व्हर नाही, पासवर्ड नाही. विहिरीत पडलं तरी गळ टाकून काढलं की नोंद शाबूत. दोष एकच, दुरुस्ती नाही. माझ्या आतेबहिणीच्या कोपरावर नवरीच्या जागी नवरीच्या आईचं नाव पडलं. दुकानदार म्हणाला, “आता वितरवा लागन जी.” कोपर आजही तसाच आहे. घरी नवा माणूस आला की कोणाचं लग्न कोणाशी झालं हे समजावण्यात एक चहा जातो. आता स्टीलवर मशीननं सर्रकन नाव टाकतात, दोन वर्षांत वाचता येत नाही. त्याला मी नोंद म्हणत नाही.

आमच्या घरातला सगळ्यात मोठा गुंड काकांनी दिलेला. बहिणीचं लग्न, 1978. वहीतही आहे: ‘गुंड 1, पितळी, रोख 51’. आणि त्या अख्ख्या ओळीवर वडिलांनी ओढलेली एक रेघ. पुढच्याच वर्षी शेतातल्या बांधीच्या धुऱ्यावरून दोघांचं बोलणं बंद झालं. रेघ एकच, आणि सरळ. खालचं सगळं वाचता येतं.

फॉक्सप्रोत डिलीट म्हटलं तरी नोंद जात नसे. तिच्यापुढे नुसती चांदणी यायची. रिकॉल म्हटलं की चांदणी पुसली, नोंद परत. कायमची घालवायची तर पॅक म्हणावं लागे. वडिलांना कॉम्प्युटर माहीत नव्हता. पण तिसऱ्या वहीत, 1984च्या पानावर त्यांच्याच अक्षरात आहे: काकांच्या मुलीचं लग्न, गेलो नाही, मनीऑर्डर 101. आम्हाला घरात कोणालाच हे ठाऊक नव्हतं. 1984 साली 101 रुपये म्हणजे आमच्याकडे चेष्टा नव्हती. ते पान उघडं ठेवून मी बराच वेळ काही टाइप केलं नाही.

शेवटी हवं ते साधन सापडलं. डीबी ब्राउझर, फुकट. खाली एसक्यूलाइट. सगळा डेटाबेस एका फाइलीत, चौकटीवर बोट ठेवा आणि लिहा. वर दोन बटणं, एक बदल पक्के करणारं, एक बदल मागे घेणारं. एसक्यूलाइटचा जन्म 2000 सालचा. रिचर्ड हिप यांनी ते अमेरिकी युद्धनौकांवरच्या नुकसान आवरायच्या यंत्रणेच्या कामातून घडवलं. आहेरालाही तसंच काहीतरी लागतं. मी एक जादा रकाना केला, ‘रेघ’. काकांच्या ओळीत तिथं एक चांदणी टाकली.

सातवं लग्न काकांच्या नातवाचं. पत्रिका आली आहे, 46 वर्षांत पहिली. ‘काय द्यायचं’ या चौकटीत कर्सर लुकलुकत होता. हिनं चिंच लावून काकांचा गुंड घासून ठेवला होता, नाव लख्ख उठलं होतं. मी विचारलं, हाच परत द्यायचा की काय?

“नवा द्या त्याले. अन् दोघाइले घरी बलवा एकदा. या गुंडातलं पानी पिऊन जा म्हना.”

त्यासाठी रकाना नव्हता. शेऱ्यात लिहिलं. ‘पानी’ असंच लिहिलं गेलं, ण राहिला. मी बदल पक्के केले.