एक कोयता, दोन माणसं

देशाचा विकास कशानं होतो, यावर अर्थशास्त्रज्ञांचं अजून एकमत झालेलं नाही. कोणी भांडवल म्हणतं, कोणी शिक्षण, कोणी रस्ते. बीड जिल्ह्यातल्या चौसाळ्याच्या आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर हा वाद केव्हाच मिटलाय. विकास करतो तो कारखान्यांना ऊसतोड मजूर पुरवणारा मुकादम.

रस्ता म्हणाल, तर आहे. पंजाबातल्या संगरूरहून कर्नाटकातल्या अंकोल्याला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ इथूनच जातो. विकासही त्याच रस्त्यानं जात असावा. त्याला इथं थांबा नसेल, एवढंच. रेल्वेला १९९५ साली मंजुरी मिळाली आणि १७ सप्टेंबर २०२५ ला गाडी बीडला पोचली. मुकादमाचा ट्रॅक्टर मात्र दर साली वेळेवर.

बँक सातबारा मागते, जामीनदार मागते, सिबिल बघते. मुकादम भर पावसाळ्यात मजुरीची आगाऊ उचल हातावर ठेवतो. लेकीचं लग्न, दवाखाना, गेल्या सालची बाकी, सगळं भागतं. तारण एकच, नवरा-बायकोचं अंग. दसरा-दिवाळी उरकली की ट्रॉलीत पत्रे, ताडपत्री, बाजरीचं पोतं, एखादी शेळी चढते, वर लेकरं बसतात. गावात उरतात म्हातारी माणसं आणि कुलपं.

अर्थशास्त्रज्ञ सर आर्थर लुईस यांनी १९५४ साली सांगून ठेवलं होतं की, शेतीत जास्तीचे झालेले हात कारखानदारीकडे वळले की मजुरी न वाढवता नफा वाढतो, नफ्यातून कारखाने वाढतात. आणि असे हात संपले की मग मजुरीही वाढते. १९७९ साली त्यांना नोबेल मिळालं. बिचाऱ्यांनी बीड पाहिलं नव्हतं. इथले हात दिवाळीनंतर जातात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परत येतात, त्यामुळे ते संपतच नाहीत! पुढच्या हंगामाला पुन्हा जास्तीचे, पुन्हा स्वस्त. सांगली-कोल्हापूरच्या साखरेवर कॉलेजं उभी राहिली, दवाखाने उभे राहिले; बीडच्या वाट्याला ‘मागास जिल्हा’ ही पदवी आली.

२०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, हे कबूल. पण मोजमाप जुनंच राहिलं. नवरा ऊस तोडतो, बायको मोळी बांधते, डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढते. हिशेबात दोघं मिळून एक कोयता. एक दिवस आजारी पडलं तर खाडा, म्हणजे उलट दंड. २०१९ साली या बायकांच्या शस्त्रक्रियांची चौकशी करणाऱ्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढं आकडा आला: बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. कारणं अनेक होती. खाड्याची धास्ती त्यांत होतीच. मशिनचा बंद राहण्याचा वेळ कमी केला तर मॅनेजरला बढती मिळते. इथं मशिननं स्वतःच्या खर्चानं स्वतःचा भाग काढून घेतला, आणि तेही उचल घेऊन.

महाराष्ट्राला २०२८ पर्यंत एक ट्रिलियन डॉलरची अर्थव्यवस्था व्हायचंय. जरूर व्हावं. साखर कारखान्यांना विनंती एवढीच: येत्या हंगामात तोडणीचा करार बाईच्या नावानंही करा, आणि तिच्या वाट्याचे पैसे मुकादमाच्या हाती न देता तिच्या खात्यात टाका.