बाणाखालचा धूर

दुर्बिणीच्या खोक्यावर गुलाबी-जांभळ्या तेजोमेघाचं झकास चित्र होतं. मसाल्याच्या पाकिटावरची बिर्याणी आपल्या पातेल्यात कधीच उतरत नाही, हे ठाऊक असूनही मी सोसायटीभर सांगून बसलो, "रविवारी गच्चीवर या, मृगातला तेजोमेघ दाखवतो."

जानेवारीची रात्र. साडेचार इंची आरसा, लटपटता स्टँड. मृगाच्या पोटात घुसलेल्या बाणाखाली फिकट ताऱ्यांची छोटी ओळ असते. तिच्यातच हा तेजोमेघ, मेसिए ४२. मेसिएसाहेब खरे धूमकेतूंच्या मागे. धूमकेतू समजून फसायला नको म्हणून त्यांनी आकाशातल्या धुरकट ठिपक्यांची यादी केली. १७६९ मध्ये पाहिलेला हाही तीत गेला. म्हणजे आम्ही हौशी मंडळी जागरणं करून बघतो काय, तर एका फ्रेंच माणसाला नको असलेल्या गोष्टी!

डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, हे मी सांगत असतानाच तळमजल्यावरच्या काकांनी मोबाइलचा टॉर्च लावून "कुठाय?" विचारलं. मग नळीला डोळा लावून म्हणाले, "काच पुसायची राहिलीय."

अंधुक उजेडात डोळ्याला रंग कळत नाहीत, कॅमेरा बराच वेळ उजेड साठवत बसतो, हे समजावेपर्यंत पृथ्वी फिरली आणि तेजोमेघ नळीबाहेर. पुन्हा शोधला. शेजारच्या काकूंनी आधारासाठी दुर्बीणच धरली. पुन्हा शोधला.

"सरळ बघू नकोस, नजर जरा बाजूला ठेव, मग जास्त दिसतं," मी बायकोला म्हटलं.

"कांदेपोह्यांच्या वेळी तुम्ही असेच बघत होतात."

मी शेवटचं अस्त्र काढलं. "हा उजेड तिथून निघाला तेव्हा इकडे बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं! साडेतेराशे वर्षं प्रवास करून आलाय!"

"दमलेला दिसतोय," काका म्हणाले आणि खाली गेले. पाठोपाठ बाकीचेही.

उरली आई. गुडघे धरत स्टुलावर बसली, बराच वेळ बघत राहिली. "मोतीबिंदू काढायच्या आधी मला सगळं जग असंच दिसायचं," ती म्हणाली. मी दुर्बिणीचं झाकण शोधू लागलो.

"पण मधे चार टिकल्या काय सुरेख आहेत रे!"

चार? मला आजवर तिथे तीनच तारे दिसले होते. "आई, जरा सरक."

"थांब रे," ती नळीवरून डोळा न काढता म्हणाली. "आणि तो स्टँड हलवू नकोस."