हवामान खातं

पुण्यात हवामान खात्याची दोन कार्यालयं आहेत. एक शिवाजीनगरला, सिमला ऑफिसात. १९२८ साली खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथं उतरलं, पुढं ते दिल्लीला गेलं, नाव मात्र इथंच राहिलं. दुसरं कार्यालय आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, सात नंबरच्या खांबापाशी. तिथं रोज पहाटे साडेपाचला एक गृहस्थ उकिडवे बसून हवेचा दाब मोजतात. पुढच्या चाकात ३५, मागच्या चाकात ३८. आकडा वहीत उतरतो, तारखेसकट. सोसायटी त्यांना 'हवामान खातं' म्हणते. तोंडावर अर्थात काका.

निवृत्तीनंतर पुणेकर एक तर अध्यात्माकडे वळतो, नाही तर माउंटन बाइककडे. काका दुसऱ्या वाटेनं गेले, पण शिकवण पहिल्याच वाटेवरची घेतली: हा संसार काट्यांनी भरलेला आहे. तुमच्याही सोसायटीत असे एक काका असतील. ओळखायची खूण सोपी आहे. सायकलीबद्दल काहीही विचारा, उत्तर पंक्चरपाशी येऊन थांबतं. "पंक्चर होत नसतं," ते सांगतात, "आपण होऊ देतो."

त्यांच्याकडे एक काडेपेटी आहे. काड्यांऐवजी तिच्यात काटे. वेताळ टेकडीवर वेचलेले, कापसात निजवलेले. बाभळीचा काटा त्यांच्या लेखी प्रामाणिक शत्रू. लांब, पांढरा, दिसतो तरी. खरा कावेबाज सराटा. चिमटीत धरून ते तो आपल्या नाकासमोर आणतात. "वाळला की फळाचे पाच तुकडे होतात. प्रत्येकाला दोन मोठे काटे, दोन बारके. कसाही पडू दे, एक तरी टोक आभाळाकडे. याला म्हणतात नियोजन! आपल्याकडे जमतं का कुणाला?" म्हणून दिवाळीनंतर, पाऊलवाटा वाळल्या की काकांची भ्रमंती डांबरी रस्त्यापुरती उरते. माउंटन बाइक असते, माउंटन तेवढा वर्ज्य.

हवेचं शास्त्र ते कुणालाही फुकट शिकवतात. हवा कमी ठेवली की दगडावर चाक आदळून टायर रिमपर्यंत दबतो, ट्यूब मध्ये चिमटते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. जास्त भरली की चाक खडीवर उड्या मारतं. एकदा मी माहिती म्हणून म्हणालो, की हवेचा टायर डनलॉपनं शोधला. काका हसले. त्या हसण्यात पुण्यातली सगळी ग्रंथालयं होती. "डनलॉप १८८८. जनावरांचा डॉक्टर, पोराच्या तीनचाकीसाठी केला त्यानं. पण थॉम्सनचं पेटंट १८४५चं. म्हणून तर डनलॉपचं पुढं रद्द ठरलं. अर्धवट वाचू नये."

एवढं ज्ञान असलं की माणसाला दुसऱ्याच्या पंक्चरची ओढ लागते. गेल्या हिवाळ्यात टेकडीवरच्या खाणीपाशी माझं मागचं चाक बसलं. तास-दीड तास सायकल ढकलत फाटकातून आत आलो, तर काका खांबापाशी. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर नातवाच्या बारशालाही पाहिला नव्हता. "सराटा?" "बहुतेक." "टायरमधून हात फिरवलास?" मी गप्प. "मग नवी ट्यूब घालशील आणि तोच काटा तिलाही खाईल. आतून बोटं फिरव, सावकाश." फिरवली. तिसऱ्या इंचावर टोचलं. काकांनी काटा हळुवार उपटला, काडेपेटीत ठेवला, आणि ज्यासाठी ते इतका वेळ उभे होते ते वाक्य उच्चारलं: "मी म्हणालो नव्हतो?"

त्यांच्या स्वतःच्या चाकाला मात्र तीन तटबंद्या. बाहेर जाड टायर, त्याच्या आत रबराची पट्टी, आणि ट्यूबमध्ये हिरवा चिकट रस. भोक पडलं की रस तिकडे धावतो आणि आपणच बूच होऊन बसतो. वहीप्रमाणे चौदा महिने, पंक्चर शून्य. खरं सांगायचं तर त्या शून्याचा त्यांना थोडा कंटाळाही आला असावा. पिशवीतली हत्यारं अजून कोरी होती.

आणि मग परवा पहाटे मागच्या चाकाचा आकडा आला शून्य. सायकल जागची हललेली नव्हती. "हवा जरा उतरलीय," काका म्हणाले. पंक्चर हा शब्द त्यांनी स्वतःपुरता वापरला नाही. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे मीही मागोमाग गेलो. इतकी व्याख्यानं ऐकली होती, प्रात्यक्षिक कोण सोडेल?

त्यानं ट्यूब ओढली, तसा हिरवा रस त्याच्या मनगटापर्यंत ओघळला. घमेल्यातल्या पाण्यात त्यानं ती फिरवली. एका जागी बुडबुड्यांची रांग लागली. तिथं भोक नव्हतं, लांबट घासलेली चीर होती. त्यानं टायरमध्ये बोट घातलं, पट्टीचं टोक बाहेर काढलं आणि कडेवरून नख फिरवलं.

"काटा नाही काका. तुमच्या पट्टीच्या कडेनंच खाल्लीय ट्यूब. आणि या रसावर आपलं ठिगळ चिकटत नाही. नवीन टाकावी लागंल."

काकांनी पैसे दिले, चीर अंगठ्यानं दोनदा चाचपली आणि माझ्याकडे पाहिलं. ते वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. शेजारधर्म म्हणून गिळलं.

पट्टी त्यांनी काढलेली नाही. तिच्या दोन्ही टोकांना आता चिकटपट्टी लावली आहे. चिकटपट्टीच्या कडांना काय लावावं, याचा विचार खांबापाशी चालू आहे. जाणकारांनी पहाटे साडेपाचला भेटावं.