शेजारच्या दगडाची भेट

बोईसर-तारापूरच्या माणसाला मुंबईचं वस्तुसंग्रहालय बघायचं तर आधी लोकलचं वेळापत्रक बघावं लागतं. २०१३ पासून डहाणू-चर्चगेट लोकल आहे म्हणून बरं. सकाळची गाडी धरावी, चर्चगेटला उतरून सोबतच्या आत्याच्या गुडघ्यांना विचारावं आणि निमूट टॅक्सी करावी. दारं सव्वादहाला उघडतात.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय एका दिवसात ‘पूर्ण’ करायला निघालेली माणसं दुपारनंतर मूर्ती सोडून बाकडी शोधू लागतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. जॉर्ज विटेटची ही घुमटवाली इमारत १९१४ साली उभी राहिली ती लष्करी इस्पितळ म्हणून राबली. संग्रहालय म्हणून उघडली १९२२ साली. टेकायला जागा शोधणारे तिला नवे नाहीत. पिशव्या कमी न्याव्यात. व्हीलचेअर आणि लिफ्टची चौकशी तिकीट काढतानाच करावी, अर्धा जिना चढून झाल्यावर नव्हे. चालवत नाही त्यांनी तळमजल्यावरची शिल्पंच सावकाश बघावीत.

माझं मत विचाराल तर सगळ्यात आधी अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा गाठावा. तो आपल्या सोपाऱ्याचा. पंडित भगवानलाल इंद्रजींना तो १८८२ साली सापडला. म्हणजे ज्या नालासोपाऱ्याला दारातली गर्दी बघून आपण पाय आखडून घेतो, तिथला दगड बघायला आपण तिकीट काढून मुंबईला जातो! एके काळी तिथे मोठं बंदर होतं, हे त्या गर्दीत कुणाला सुचणार?

दगडावर ब्राह्मी अक्षरं आहेत, मजकूर अशोकाच्या आठव्या लेखातला. अख्खा लेख गिरनारला आहे. विषय चक्क सहलींचा. पूर्वीचे राजे मौजेला, शिकारीला निघत; आपण बोधगयेला गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू केल्या, असं सम्राट सांगतो. त्या यात्रांत काय करायचं? श्रमण-ब्राह्मणांना भेटायचं, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी बोलायचं, म्हाताऱ्यांना भेटून सोनं द्यायचं.

आत्यानं हे सगळं बाकावर बसून ऐकून घेतलं.

“सोनं राहू दे गं,” ती म्हणाली, “परतीच्या गाडीत खिडकी मिळेल का, ते बघ. ऑफिसं सुटायच्या आत निघू.”

अशोकाला डहाणू लोकल ठाऊक नव्हती. आम्ही तीनलाच निघालो.