तंजावरच्या आजींची शुगर

तंजावर, २२ डिसेंबर

ती. आई आणि ती. बाबांस,


मी इथे मजेत आहे. आई, फोनवर तू ‘जेवलीस का’ आणि ‘काय जेवलीस’ यापुढे जात नाहीस, आणि तेवढ्यात बाबा रिचार्ज संपेल म्हणून फोन काढून घेतात. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आधी मामीला आवर. मी परदेशात गेलेय असं तिने सगळ्या कोरेगावात सांगितल्याचं बंड्याने कळवलं. तंजावरला यायला पासपोर्ट लागत नाही. लागते ती नोंदणी. आपलं महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं प्रमाणपत्र हातात असलं तरी दुसऱ्या राज्यात काम करायचं तर तिथल्या कौन्सिलात पुन्हा नाव घालावं लागतं. त्यासाठी मी इतक्या झेरॉक्स काढल्या, की दुकानवाला शेवटी विचारायला लागला, ‘ताई, निवडणुकीला उभ्या आहात का?’ तरी मामी अगदीच खोटं बोलत नाही. पुण्याहून आलेल्या माझ्या गाडीने चेन्नई सेंट्रलला सोडलं आणि तंजावरची गाडी एग्मोरहून सुटणार होती. मधलं अंतर रिक्षाने कापायचं. मी हिंदीत बोलत होते, रिक्षावाला तमिळमध्ये, आणि भाडं दोघं बोटांवर ठरवत होतो. त्याची बोटं माझ्यापेक्षा जास्त उभी राहिली.

नर्स पुरवणाऱ्या एजन्सीच्या माणसाने निघताना धीर दिला होता, ‘मॅडम, काळजीच नको. तंजावरला सगळं मराठीच आहे. राजासुद्धा मराठी!’ ते त्याने कुठल्या तरी धड्यात वाचलं असणार. व्यंकोजी राजे म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ. त्यांनी १६७६ च्या सुमारास इथे राज्य स्थापन केलं आणि इंग्रजांनी ते १८५५ साली खालसा केलं. त्यानंतर बरंच पाणी कावेरीतून वाहून गेलंय, हे त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. मराठी घरं आहेत, पण शोधावी लागतात. पुष्कळशी मंडळी नोकरीपायी चेन्नई-बेंगळुरूला गेली.

मी जिची देखभाल करते त्या माझ्या पेशंट आजी मात्र अस्सल इथल्या. मेल वीधीजवळच्या एका गल्लीत, ओसरी असलेल्या जुन्या घरात राहतात. वय चौऱ्याऐंशी, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. पाय घसरून मांडीचं हाड मोडलं आणि ऑपरेशन झालं. म्हाताऱ्या माणसांना अशा मोठ्या ऑपरेशननंतर कधी कधी भ्रम होतो, तसा त्यांना झाला. त्या भ्रमात त्या तमिळ पार विसरल्या आणि वॉर्डातल्या सिस्टरांशी नुसतं मराठी बोलायला लागल्या. त्या बिचाऱ्यांना वाटलं, आजी मंत्र म्हणताहेत. पुण्यातल्या त्यांच्या मुलाने घाबरून मराठी नर्स शोधली, ती मी. माझी कागदपत्रं होऊन मी इथे पोहोचेपर्यंत भ्रम गेला होता. दारात मला पाहून आजींनी आधी मराठीत चौकशी केली, मग अक्काला, म्हणजे इथल्या स्वयंपाकिणीला, तमिळमध्ये कॉफी टाकायला सांगितली, आणि मुलाला फोन करून इंग्रजीत म्हणाल्या, की एवढ्या खर्चाची गरज नव्हती. म्हणजे ज्या कामासाठी मला आणलं ते मी यायच्या आधीच आटोपलं होतं. उरलं ते खरं काम. टाके बघायचे, पाठीला जखम होऊ नये म्हणून कुशीवर वळवायचं, वॉकरवर चालवायचं आणि दोन वेळचं इन्शुलिन द्यायचं.

आजींचं मराठी आपल्यासारखं नाही. चाल तमिळची आणि शब्द पणजीच्या काळातले. माझं मराठी त्यांना रेल्वेच्या घोषणेसारखं वाटतं म्हणे. मी ‘पेशंटला मोबिलाइज करायचंय’ असं काहीतरी फोनवर डॉक्टरांना सांगत होते, तर म्हणाल्या, ‘साताऱ्याची ना तू? मग मराठी कधी बोलणार?’

तमिळ मी अक्काकडून शिकतेय. पण शिकले ते सगळं कामापुरतं. ऊसी म्हणजे इंजेक्शन, मात्तिरै म्हणजे गोळी, ‘वलिक्कुदा?’ म्हणजे दुखतंय का. एवढ्या भांडवलावर बाजारात गेले. भाजीवालीला भाव विचारायचे शब्द येईनात, तोंडातून ‘वलिक्कुदा?’ एवढंच निघालं. तिने हातातली भेंडी खाली ठेवली आणि डावा गुडघा दाखवला. मग कंबर दाखवली. मग शेजारच्या नारळवालीला हाक मारली. आता मी पिशवीत बीपीचं यंत्र टाकूनच बाजारात जाते. दोघींचं बीपी वाढलेलं निघालं, म्हणून त्यांना सरकारी दवाखान्यात पाठवलं, गोळ्या चालू झाल्या. कढीपत्ता मला फुकट मिळतो. नारळाचे पैसे मात्र नारळवाली सोडत नाही.

आता राहुकाळाचं ऐक. आपल्याकडे तो कॅलेंडरच्या कोपऱ्यात छापलेला असतो, इथे तो घर चालवतो. सोमवारी साडेसात ते नऊ, शनिवारी नऊ ते साडेदहा, शुक्रवारी साडेदहा ते बारा, असा रोज दीड तास ठरलेला. आजी गणिताच्या, त्यामुळे सगळं कोष्टक तोंडपाठ. चालू असलेली गोळी राहुकाळात घेतलेली चालते, नवी सुरू करायची नाही. आणलेल्या औषधाची पिशवी उघडायची नाही. फिजिओथेरपीचा मुलगा पहिल्यांदा उभं करायला आला तो नेमका शुक्रवारी अकराला. आजी म्हणाल्या, ‘पहिलं पाऊल आत्ता? मागचं पाऊलही आत्ताच्या मुहूर्तावर पडलं होतं बहुतेक.’ मुलाला पुढे दोन घरं करायची होती. अक्काने त्याला इडली वाढली, कॉफी दिली, पुन्हा इडली वाढली. बारा वाजून एक मिनिटाने आजी स्वतः वॉकर धरून उभ्या राहिल्या आणि पाच पावलं चालल्या. तो मुलगा मात्र पोट जड झाल्यामुळे खुर्चीतून पटकन उठेना. हल्ली मी औषधांच्या तक्त्यावर राहुकाळाची एक तांबडी पट्टीच आखून टाकलीय. डॉक्टरांनी ती पाहिली. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तर ते म्हणाले, ‘छान. माझ्या क्लिनिकच्या भिंतीलाही एक आखून द्या.’

पण खरी लढाई शुगरची. तमिळ मार्गळी महिना डिसेंबरच्या मध्यावर लागतो आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत चालतो. पहाटे साडेचारपासून देवळांचे कर्णे सुरू. आंडाळच्या तिरुप्पावैची तीस पदं, महिन्याच्या एकेका दिवसाला एक. बायका अंधारातच दारापुढे तांदळाच्या पिठाचा कोलम काढतात, आपल्या रांगोळीच्या चौपट मोठा. आणि देवळात रोज पहाटे पोंगलचा प्रसाद वाटतात. त्यातला एक प्रकार मिठाचा, मिरी-जिऱ्याचा. दुसरा सक्करै पोंगल, म्हणजे तांदूळ, मुगाची डाळ, गूळ आणि तूप. तूप म्हणजे वरून धार नाही, तळ्यात बुडवलेलं प्रकरण.

मार्गळी लागला आणि आजींची उपाशीपोटी शुगर चढायला लागली. रात्री झोपताना एकशे चाळीस, सकाळी सातला दोनशेच्या वर. मी आधी इन्शुलिनवर संशय घेतला. बाटली फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याला टेकून ठेवलेली सापडली. इन्शुलिन थंड ठेवायचं, पण गोठू द्यायचं नाही, गोठलं की वाया जातं. नवी बाटली आणली, दाराच्या कप्प्यात ठेवली. तरी आकडा तोच. मग पट्ट्यांची मुदत तपासली. यंत्राची बॅटरी बदलली. माझ्या स्वतःच्या बोटाला टोचून पाहिलं, माझी शुगर एकदम शहाणी. एका सकाळी तर यंत्राने थेट तीनशे चाळीस दाखवले. आजी शांत बसलेल्या, घाम नाही, तहान नाही. मला राहवेना. आजींचे हात साबणाने धुतले, पुसले, दुसऱ्या बोटाचं रक्त घेतलं. दोनशे सहा.

आई, बोटाला गोड लागलेलं असलं की तेही रक्ताच्या थेंबात मिसळतं आणि यंत्र खोटं बोलतं, हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात. म्हणजे वरचे एकशे चौतीस बोटावरच्या गुळाचे होते आणि खालचे दोनशे सहा पोटातल्या. उशीच्या अभ्र्यावर तुपाचा डाग होता. अक्का एकाएकी मागच्या अंगणात धुणं वाळत घालायला गेली. बाहेर पाऊस पडत होता. (हो, इथे डिसेंबरात पाऊस पडतो. आपला जूनचा असतो, यांचा ऑक्टोबर ते डिसेंबर. माझे युनिफॉर्म अजून वाळताहेत.)

चौकशीत सगळं बाहेर आलं. अक्का पहाटे देवळात जायची, पानावर प्रसाद आणायची आणि मी आंघोळीला गेले की आजींच्या हातावर ठेवायची. आजींना मी विचारलं, ‘रिकाम्या पोटी तपासायचं असतं ना?’ तर म्हणाल्या, ‘पोट रिकामंच होतं. अन्न कुठे घेतलं? प्रसाद घेतला.’ चाळीस वर्षं मुलांच्या तोंडून सबबी ऐकलेल्या बाईपुढे मी काय बोलणार? शेवटी तह झाला. आधी तपासणी, मग नाश्त्याबरोबर एक चमचा प्रसाद, आणि तेवढा भात दुपारी कमी. डॉक्टरांनाही सांगितलं. चमचा कुठला यावर अजून वाटाघाटी चालू आहेत. आजींनी पुढे केला तो आमटी वाढायचा डाव होता.

खाण्यापिण्याचं म्हणशील तर तीन वेळा भात असतो, आणि मला भाकरीची स्वप्नं पडतात. पण कॉफी अशी, की परत आल्यावर तुझा चहा मी पिईन याची खात्री देत नाही. पितळी पेला आणि डबरा, एकातून दुसऱ्यात उंचावरून ओतायची. परवा आजींनी डांगर पच्चडी करायला सांगितली. मी म्हटलं हे काय नवीन, तर उडदाचं पीठ, दही आणि वरून फोडणी. आपल्या आजीचं डांगर गं! अक्काला मी शिकवायला गेले, तर तिनेच मला शिकवलं.

आजींना घराबाहेर पडता येत नाही, म्हणून मला गाव बघायला पाठवतात आणि आले की परीक्षा घेतात. मोठं देऊळ, म्हणजे बृहदीश्वर, राजराज चोळाने १०१० साली पुरं केलं. त्याच्या आवाराच्या भिंतीवर १८०३ मध्ये सरफोजी राजांनी भोसल्यांचा सगळा इतिहास मराठीत कोरून घेतलाय. मी उभी राहून वाचायला लागले आणि मान दुखून आली, एवढा लांब. पर्यटकांचा एक घोळका माझ्याभोवती जमला, त्यांना वाटलं मी गाइड आहे. एकाने तर पन्नास रुपये पुढे केले. मी घेतले नाहीत. हे बाबांना सांग, आजींना पटलं नाही.

सरस्वती महाल ग्रंथालयात मात्र मी घरच्यासारखी वावरले. भिंतीवर इतिहास कोरून घेणारे हे सरफोजी म्हणजे दुसरे, गादीवर १७९८ ते १८३२. इंग्रजांनी राज्यकारभार काढून घेतला, हाताशी किल्ला आणि भरपूर वेळ उरला. दुसरा कुणी असता तर शिकारीला गेला असता. यांनी ग्रंथ जमवले, धन्वंतरी महाल काढून औषधं करवली आणि डोळ्यांच्या रोगांवर उपचार केले. त्यांच्या रुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसकट, या ग्रंथालयात जपून ठेवल्यात. राजाने केसपेपर ठेवले, आई! आमच्या जुन्या वॉर्डात मी डॉक्टरांच्या मागे पेन घेऊन धावायचे तेव्हा कुठे एक ओळ मिळायची, तीही वाचता न येणारी. मी हे आजींना सांगितलं तर त्यांनी वर आणखी एक टोला हाणला. सरफोजींच्या छापखान्यात इसापाच्या गोष्टींचं मराठी पुस्तक १८०६ मध्ये छापलं गेलं, ‘तेव्हा तुमच्या पुण्यात छापखाना होता का?’ नव्हता. मी कोरेगावची आहे हे सांगून मी त्यातून सुटले.

काम मार्चपर्यंत आहे. आजी आता वॉकरवर ओसरीपर्यंत जातात. जानेवारीत तिरुवैयारूला त्यागराजांची आराधना असते, इथून तेरा किलोमीटर. शेकडो गवई एकत्र बसून पंचरत्न कृती गातात. आजींना तिथे न्यायचा बेत आहे. गाडीत उशी कशी लावायची, किती वेळाने उतरवायचं, सगळं मी लिहून काढलंय. त्या दिवशी राहुकाळ किती वाजता, ते त्यांनी काढलंय.

बंड्याबरोबर नाहीतर कुरियरने ज्वारीचं पीठ आणि तुझा काळा मसाला पाठव. तिळगूळ पाठवलास तर माझ्या नावाने पाठव आणि डब्याला सेलोटेप भरपूर लाव, या घरात अक्का आहे. आणि बाबांची शुगर ‘बरी आहे’ असं पुन्हा लिहू नकोस. उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी, असे दोन्ही आकडे कळव. टोचायच्या आधी त्यांना साबणाने हात धुवायला लाव, आणि तू स्वतः समोर उभी राहा.

तुझी,
सुमी