पोटाचा कारक

मराठी माणूस आपली रास सांगतो ती चंद्राची. सूर्य एकेका राशीत महिनाभर तळ ठोकून बसतो, पण त्याची चौकशी आपण पेरणीपुरती करतो: रोहिण्या बरसल्या का, मृग कोरडा गेला का. माणसाचा सगळा मामला चंद्राकडे. हा सव्वादोन दिवसांत रास बदलतो, दिवसाला साधारण एक नक्षत्र मागे टाकतो आणि सव्वासत्तावीस दिवसांत अख्खी फेरी उरकतो. असल्या एका जागी न टिकणाऱ्या गृहस्थाला ज्योतिषाने मनाचा कारक ठरवलं. ग्रहांचं मला फार कळत नाही, पण ज्याने हे ठरवलं त्याला मन नक्की ठाऊक होतं.

‘जालना सोने का पालना’ ही आमच्याकडची जुनी म्हण. पालना सोन्याचा असो की जुन्या लुगड्याच्या झोळीचा, आतल्या बाळाला अक्षर चंद्रच देतो. नक्षत्राचे चार चरण, चरणाला एक अक्षर. अश्विनीवाल्यांची चू, चे, चो, ला म्हणून सोय होते. पण आर्द्रेच्या तिसऱ्या चरणावर ङ, हस्ताच्या तिसऱ्यावर ण आणि उत्तराभाद्रपदेच्या चौथ्यावर ञ. शाळेच्या तक्त्यावर सुद्धा ‘ण’ बाणाचा, म्हणजे शेवटी जाऊन बसलेला. त्यावरून पोराचं नाव काय ठेवणार? गुरुजी शेजारचं अक्षर देऊन वेळ मारून नेतात आणि आत्या कानात कुर्र करून आपल्याला हवं तेच सांगते.

चंद्र एका राशीत असतो त्या सव्वादोन दिवसांत सळईच्या कारखानदाराला मुलगा झाला आणि त्याच्याच भट्टीवरच्या कामगारालाही झाला, तर दोघांची रास एक. पुढे साडेसातीही बरोबरच लागणार, कारण शनीची ती साडेसात वर्षं जन्मराशीच्या चंद्रापासूनच मोजतात. फक्त एकाला ती ताळेबंदात दिसते आणि दुसऱ्याला किराण्याच्या वहीत.

लग्नाच्या बाजारातही चंद्राचीच दलाली. छत्तीस गुण, आठ कूटं, आणि सगळी मोजणी दोघांच्या जन्मचंद्रावरून. एकट्या नाडीला ८ गुण. पोरगी चिडकी आहे का, पोरगा घोरतो का, याला एकही नाही. घनसावंगी तालुक्यातल्या जांबच्या ठोसरांचा नारायण आसनगावच्या मांडवात ‘सावधान’ ऐकून पळाला, ही कथा इकडे पोरासोरांना पाठ असते. मुहूर्त काढणाऱ्याने चंद्रबळ पाहिलंच असेल. नवरदेवाच्या पायांतलं बळ पाहायचं राहिलं. हा मुलगा सूर्योपासकांच्या घरचा, रामनवमीला भर दुपारी जन्मलेला. त्यानेच पुढे समर्थ रामदास होऊन मनाचे २०५ श्लोक लिहिले. मनाबद्दलची तक्रार आपण चंद्राकडे नेतो, समर्थांनी ती थेट मनालाच सुनावली.

एरवी मनाचा कारक असलेला हा चंद्र संकष्टीला मात्र पोटाचा कारक होतो. भोकरदन तालुक्यातल्या राजूरच्या गणपतीला अंगारकीला जालन्याहून माणसं रातोरात पायी निघतात. दर्शन होतं, पाय दुखतात, आणि मग दिवसभर साबुदाण्याच्या खिचडीवर तगलेली ही मंडळी संध्याकाळपासून पूर्वेकडे डोळे लावून बसतात. त्या वेळी कुणी कुणाला चंद्र कोणत्या राशीत आहे असं विचारत नाही, कुठवर आलाय एवढंच विचारतात.

त्यातही एक गंमत आहे. जालना मुंबईच्या पूर्वेला सुमारे तीन अंश, म्हणून चंद्र आमच्याकडे बाराएक मिनिटं आधीच उगवतो. मुंबईची वेळ पाहून उपास सोडणारा जालनेकर, मोदक समोर ठेवून, मुंबईकरांसाठी बारा मिनिटं जास्तीचा उपाशी राहतो. गल्लीतल्या एका मावशींना मी हे समजावलं. त्या म्हणाल्या, “मग इतकी वर्षं जे जास्तीचं केलं, त्याचं पुण्य कुणाच्या खात्यात गेलं ओ?” गेलंच असेल मुंबईला. आणखी कुठे जाणार?

२३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ चंद्रावर उतरलं तेव्हा इस्रोनेही एक मुहूर्त पाहिला होताच. उतरायच्या जागी नुकतं उजाडलेलं हवं, म्हणजे सौर पट्ट्यांना आपले चौदा दिवस सलग ऊन मिळतं. तेव्हापासून मला एक घोर लागला आहे. उद्या तिथे वस्ती झाली, पाळणा हलला, तर त्या बाळाची रास कशावरून काढायची? चंद्र तर पायाखाली. मग पृथ्वीवरून काढावी लागणार. आपल्याला चंद्र वृषभेत, म्हणजे उच्चीचा दिसतो, तेव्हा तिथून पृथ्वी समोरच्या वृश्चिकेत दिसते, आणि वृश्चिक ही तर चंद्राची नीच रास. म्हणजे आपण ज्याला उच्चीचा म्हणून मिरवायचं, त्याने त्याच घटकेला आपल्याला नीचीचं ठरवायचं.

संकष्टीचं त्याहून अवघड. चंद्राची एकच बाजू कायम आपल्याकडे, त्यामुळे त्या बाजूच्या आकाशात पृथ्वी जवळपास एकाच जागी खिळलेली. ती ना उगवते, ना मावळते. तिथे राहायला गेलेल्यांचा उपास सकाळी आंघोळ झाल्याझाल्या सुटेल. पलीकडच्या बाजूला पृथ्वी दिसतच नाही. तिकडच्यांचा सुटायचाच नाही. जालन्याच्या माणसाने तिथे प्लॉट घेताना सात-बारा नंतर पाहावा, आधी बाजू विचारून घ्यावी.