पुलापलीकडचा

मेस्त्रींच्या तोंडून त्याचं नाव आजवर कुणी ऐकलेलं नाही. जुन्या बायका नवऱ्याचं नाव ज्या निष्ठेनं टाळत, त्याच निष्ठेनं मेस्त्री ते टाळतात. त्या निदान उखाण्यात तरी घेत. मेस्त्रींचं दुकान कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात, आणि त्याचं पंचगंगा ओलांडून शिरोलीच्या बाजूला. म्हणून तो 'पुलापलीकडचा'. शिरोलीत जाऊन मेस्त्रींची चौकशी केली, तर तोही कपाळाला आठ्या घालून विचारतो, "कोण? त्यो पुलापलीकडचा व्हय?" नदी दोघांनाही सारखीच उपयोगी पडते.

धंदा दोघांचाही एकच. टू-स्ट्रोक गाड्यांची इंजिनं शर्यतीसाठी 'तयार' करायची. गाडी बहुतेक वेळा यामाहा आरएक्स १००. १९८५ साली आली, १९९६ साली बंद पडली, आणि बंद पडल्यापासून तिची तब्येत जास्तच सुधारली. इंजिन ९८ सीसीचं, बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोकही ५० मिलिमीटर, कंपनीच्या कागदावर ताकद ११ हॉर्सपॉवर. हा शेवटचा आकडा मेस्त्रींसमोर उच्चारायचा नसतो. "अकरा ती कंपनीची," ते म्हणतात. "माझ्याकडनं गेली की मोजू नका."

मोजू नका, हे ते मनापासून सांगतात. इंजिनाची ताकद मोजायचं यंत्र, म्हणजे डायनो, दोघांच्याही दुकानात नाही आणि आणायची दोघांचीही इच्छा नाही. आकडा आला की वाद संपतो, आणि वाद संपला की गंगावेशीच्या कट्ट्यावर रात्री धारोष्ण दुधाचे ग्लास हातात घेऊन पोरांनी बोलायचं कशावर? ज्या गावात फुटबॉलसुद्धा तालमींच्या नावानं खेळला जातो, तिथं इंजिनाला पेठ नसेल असं कसं होईल? काही पोरं मेस्त्रींची, काही पुलापलीकडची. दोन्हींकडं जाऊन आलेला पोरगा मात्र संशयित. त्याच्याशी मोघमच बोलतात.

या धंद्यातली खरी अडचण अशी की केलेलं काम कुणाला दिसत नाही. सुताराचं कपाट दिसतं, रंगाऱ्याची भिंत दिसते. पोर्टिंग करणाऱ्याची सगळी कला सिलिंडरच्या आत, आणि सिलिंडर बंद. टू-स्ट्रोकमध्ये फोर-स्ट्रोकसारखी झडपांची भानगड नसते; सिलिंडरच्या भिंतीतच झरोके असतात, पिस्टन वरखाली होताना तेच उघडतात आणि झाकले जातात. धूर बाहेर जायच्या झरोक्याचा वरचा काठ कानशीनं थोडा वर नेला की इंजिन वरच्या आरपीएमला पिसाळतं आणि खालच्या आरपीएमला आळसावतं. फार रुंद केला तर पिस्टनची रिंग त्यात अडकून मोडते. आणि कानशीनं काढलेला धातू परत चिकटत नाही. हे सगळं मेस्त्री शाळेच्या कंपासपेटीतला चांदा क्रँकच्या टोकाला लावून मोजतात. त्यांनी शाळा सातवीत सोडली. त्यांच्या वर्गात शेवटपर्यंत शिकलेल्यांपैकी आज रोज चांदा हातात घेणारा दुसरा कुणी नसावा.

तर गिऱ्हाईक पैसे मोजतं आणि घेऊन जातं एक बंद डबा. त्यात नक्की काय केलंय हे त्याला कळत नाही, कळण्याचा संभवही नाही. कळतं ते फक्त एका माणसाला, आणि तो पुलापलीकडं राहतो.

मेस्त्रींच्या आयुष्यातली सगळी गुंतागुंत इथून सुरू होते. त्यांना दाद हवी आहे. ती देण्याची अक्कल असलेला जिल्ह्यात एकच इसम आहे, आणि तो देणार नाही. मग आठवड्यातून एखादा पोरगा त्याच्याकडचं इंजिन मेस्त्रींकडं उघडायला आणतो. मेस्त्री हेड काढतात, सिलिंडर उजेडाकडं धरतात, आत बोट फिरवतात आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "कुणी खरवडलंय हे? खवणी लावलीया का काय?" पोरगा खजील होतो. मेस्त्री म्हणतात, "ठेवून जा. उद्या बघतो."

उद्या म्हणजे आज रात्री. दुकानाचं शटर अर्धं खाली येतं. मेस्त्री सिलिंडरमध्ये कागदाची सुरळी घालतात आणि काळ्या तेलानं माखलेलं बोट आतून फिरवतात. सुरळी उलगडली की सगळ्या झरोक्यांचा ठसा कागदावर हजर. मग चष्मा लावून पट्टीनं मोजमाप. या कागदांची एक वळकटी त्यांच्या लाकडी कपाटात, जुन्या पत्र्याच्या डब्यात आहे. शिरोलीतही एक वळकटी आहे, तिच्यात मेस्त्रींचे ठसे. दोघांनी एकमेकांचं काम जितकं बारकाईनं वाचलंय तितकं माझं लिखाण कुणी वाचलं असतं, तर मी दोन पुस्तकं जास्त लिहिली असती.

शर्यत ही तशी निमित्तमात्र. एखाद्या मोकळ्या मैदानात मातीचा ट्रॅक आखतात, लाऊडस्पीकर लागतो, २टी ऑइलचा निळा धूर होतो. मेस्त्री तिथं स्टूल घेऊन बसतात आणि प्रत्येक गाडीनंतर प्लग काढून वाचतात. चॉकलेटी असला तर मिश्रण बरोबर, काळा असला तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला तर देवाचं नाव घ्या, पिस्टन चिकटायला आलाय. इथवर ते शास्त्र आहे. निकाल लागल्यावर सुरू होतं ते साहित्य. गाडी जिंकली तर इंजिन मेस्त्रींचं. हरली तर रायडरचं वजन, पंपावरचं पेट्रोल, सकाळची दमट हवा, किंवा "मेन जेट बदलू नको म्हणून सांगितलं होतं, बदललास न्हवं?" पोरानं जेटला हातही लावलेला नसतो. पण पुढच्या वेळी मेस्त्रींकडंच जायचं असल्यामुळं तो मान डोलावतो.

मध्यंतरी एका गिऱ्हाइकाच्या मावसभावानं कॅलिफोर्नियाहून व्हिडिओ पाठवला. ग्लॅमिसच्या वाळूच्या टेकड्या आणि त्यांवर चार चाकांच्या एटीव्ही गाड्या ओरडत चढतायत. गाडी यामाहा बॅन्शी. मेस्त्रींनी एकदा आवाज ऐकला आणि म्हणाले, "ही तर आपली राजदूत." सगळे हसले. पण माणूस चुकला नव्हता. १९८७ साली अमेरिकेत आलेल्या बॅन्शीचं इंजिन आरडी ३५०च्या घराण्यातलं: ३४७ सीसी, दोन सिलिंडर, बोअर ६४ आणि स्ट्रोक ५४, सगळं आपल्याकडच्या राजदूत ३५० इतकंच. फक्त बॅन्शीला पाण्याचं कूलिंग. राजदूत १९८३ साली आली आणि पेट्रोल पिते म्हणून आपण तिला वाळीत टाकली. तिकडं बॅन्शीची इंजिनं बांधणाऱ्यांचे गल्लोगल्ली आखाडे तयार झाले. तिकडं डायनो आहे, म्हणून भांडण संपलं असेल अशी आमची भाबडी समजूत होती. मावसभावानं कळवलं की तिकडं भांडण कुणाचा डायनो जास्त दाखवतो यावर होतं. मेस्त्रींना इतकं समाधान झालेलं मी क्वचित पाहिलंय. "माणूस सगळीकडं सारखाच," असं काहीतरी थोर बोलतील असं वाटलं, पण ते म्हणाले, "त्यांच्यातबी पुलापलीकडचा असणारच."

परदेशातलं आणखी एकच प्रकरण त्यांना तोंडपाठ आहे, ते वाल्टर काडेनचं. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्यात या माणसानं टू-स्ट्रोक इंजिनातून अशी ताकद काढली की १९६१ साली १२५ सीसीतून सुमारे २५ हॉर्सपॉवर, म्हणजे लिटरमागं २००. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात, स्वीडनमधल्या शर्यतीनंतर, त्याचाच रायडर अर्न्स्ट डेग्नर ती सगळी विद्या घेऊन पळाला तो थेट सुझुकीकडं. १९६२ साली ५० सीसीची जागतिक स्पर्धा पहिल्यांदाच भरली आणि ती डेग्नरनं सुझुकीवरून जिंकली. मेस्त्री ही गोष्ट नव्या कामगाराला पहिल्या दिवशी सांगतात. चहा कुठून आणायचा ते दुसऱ्या दिवशी.

विद्या पळू नये म्हणून त्यांचे स्वतःचे बंदोबस्त आहेत. महत्त्वाचं कानसकाम पोरं जेवायला गेल्यावर. हेड आणि पिस्टनमधली फट मोजायला ते प्लगच्या भोकातून सोल्डरची तार आत घालतात, पिस्टन वर आणून ती चेपतात आणि मायक्रोमीटरखाली धरतात. मग ती चेपलेली तार कचऱ्यात टाकत नाहीत, खिशात घालून घरी नेतात. वहिनी कपडे धुताना रोज त्या तारा काढतात. त्यांनी एका बरणीत साठवल्यात, भंगारवाला भाव देईल म्हणून. गावातली सगळ्यात गुप्त माहिती मोरीच्या कट्ट्यावर एका बरणीत पडून आहे.

प्रतिष्ठेचा जाहीर हिशेब मात्र वेगळाच लागतो. पोलीस अधूनमधून मोठा आवाज करणारे सायलेन्सर जप्त करतात आणि रस्त्यावर मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत परस्पर बदल करू देत नाही, आणि यात कायद्याचं काही चुकतं असं मला वाटत नाही. रात्री साडेअकराला माझ्या गल्लीतून जाणाऱ्या पोरांच्या बाबतीत तर मी रोलरच्या बाजूचा आहे. अशा कार्यक्रमाला मेस्त्री आवर्जून जातात. गर्दीत मागं उभे राहतात. पत्र्याचे शंकू वळून गॅस वेल्डिंगनं जोडलेले पाईप, एकेकाच्या जोडावरून ते कर्ता ओळखतात. "ह्यो माझा. ह्यो माझा. ह्या गाठी बघ, ह्यो त्याचा. ह्यो माझा." रोलर फिरून झाला तेव्हा त्यांचे अकरा होते आणि पुलापलीकडच्याचे सहा. संध्याकाळी दुकानात पेढे आले. कशाचे, ते कुणी विचारलं नाही.

त्या पाइपांवरूनच दोन्ही घराण्यांचं खरं वैर. टू-स्ट्रोकचा पाईप हा धूर सोडायचा नळ नव्हे. इंजिनातून निघालेली दाबाची लाट पाइपाच्या टोकाकडच्या शंकूवर आपटून परत येते आणि सिलिंडरबाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा आत ढकलते. ती नेमकी वेळेवर यायला पाइपाची लांबी नेमकी हवी. मेस्त्री म्हणतात ३२ इंच. पुलापलीकडचा म्हणतो ३६. या चार इंचांपायी दोन साखरपुडे लांबले आहेत, कारण मुलीचा भाऊ छत्तीसवाला निघाला.

मेस्त्रींकडं एक पोरगा होता. चलाख, हात हलका. डेग्नरची गोष्ट त्यानंही पहिल्या दिवशी ऐकली होती, आणि बहुधा त्यातून भलताच बोध घेतला. दोन वर्षांनी तो पुलापलीकडं गेला. आणखी दोन वर्षांनी तिथूनही निघाला आणि गोकुळ शिरगावच्या वाटेवर स्वतःचं दुकान थाटलं. लॅपटॉप घेऊन बसतो. दोन्ही मेस्त्रींनी आयुष्यात पहिल्यांदा, एकमेकांना न विचारता, एकच मत दिलं: त्याला काही येत नाही.

मला हे सगळं त्या पोराकडूनच कळलं. म्हणाला, दोघांच्याही कपाटात एक जुनं झेरॉक्सचं बाड आहे. गॉर्डन जेनिंग्ज नावाच्या अमेरिकन माणसाचं १९७३ सालचं 'टू-स्ट्रोक ट्यूनर्स हँडबुक'. दोघांनीही कुणातरी शिकलेल्या भाच्याकडून चोरून वाचून घेतलेलं. दोघांचंही मूळ एकच असावं, कारण दोन्हींत चहाचा डाग एकाच पानावर काळा उमटलाय. आणि दोन्हींत एकच पान गायब. पाइपाच्या लांबीच्या सूत्राचं.

पोरानं आख्खं पुस्तक मिळवलं. सूत्र साधं निघालं. धुराचा झरोका किती अंश उघडा राहतो ते घ्या, त्याला पाइपातल्या लाटेच्या वेगानं, म्हणजे सेकंदाला सुमारे १७०० फुटांनी गुणा, आणि ज्या आरपीएमला ताकद हवी त्यानं भागा, उत्तर इंचात. त्याच्या इंजिनाला १८० अंश, ताकद हवी ९००० आरपीएमला. उत्तर ३४. म्हणजे बत्तीसवालाही बरोबर होता आणि छत्तीसवालाही, एकाचं इंजिन साडेनऊ हजारांना खूश, दुसऱ्याचं साडेआठ हजारांना. हे त्यानं दोघांनाही सांगितलं नाही. "कशाला?" तो म्हणाला. "दोघंबी म्हातारी माणसं."

त्या उन्हाळ्यातल्या शर्यतीत पोराची गाडी पहिली आली, आणि चांगल्या अंतरानं. निकाल जाहीर होईपर्यंत 'काही येत नाही' हे मत दोन्ही बाजूंनी मागं घेण्यात आलं होतं. मेस्त्री लोकांना सांगत होते, पाना धरायला मी शिकवलं. पलीकडचा सांगत होता, पाना कुणीबी धरतो, कानस धरायला मी शिकवलं. गर्दी पांगल्यावर दोघंही, वेगवेगळ्या बाजूंनी, गाडीपाशी आले. एकमेकांकडं बघितलं नाही. मेस्त्री खाली बसले, वितीनं पाईप मोजला आणि उठले.

"दोन इंच लांब झालाय," ते आपल्या पोरांना म्हणाले. "न्हाईतर अजून पुढं गेला असता."

गाडीच्या पलीकडून आवाज आला, "दोन इंच कमी पडलाय."